मशीनच्या पोटातलं राहू द्या, तोटीतून पडणाऱ्या पाण्याचं बोला

प्रति,
घरगुती वॉटर प्युरिफायर बनवणाऱ्या, विकणाऱ्या आणि त्यांची सर्व्हिस करणाऱ्या समस्त कंपन्या

स. न. वि. वि.

गेल्या महिन्यात तुमच्यापैकी एका कंपनीचा मुलगा आमच्या ओट्यावर दोन काचेचे ग्लास मांडून उभा राहिला. एकात आमच्या नळाचं पाणी, दुसऱ्यात त्याने बाटलीतून आणलेलं कंपनीच्या नव्या आरओ मशीनचं. बॅगेतून त्याने चार कांड्यांचं एक यंत्र काढलं, दोन दोन कांड्या दोन्ही ग्लासांत सोडल्या आणि मिक्सरच्या प्लगमध्ये वायर खोचली. अर्ध्या मिनिटात आमच्या पाण्यावर फेस आला, मग ते हिरवट झालं, मग तपकिरी, आणि तळाशी साका जमायला लागला. बाटलीतलं पाणी जसंच्या तसं. "बघा काकू, हे तुम्ही रोज पिता," तो म्हणाला. आमच्या मंगलताई भांडी घासायच्या थांबल्या आणि त्यांनी तोंडाला पदर लावला.

त्या मुलाचं दुर्दैव असं की मी एकतीस वर्षं एका कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहाय्यक होते. मी त्याला म्हटलं, थांब बाळा. मिठाच्या बरणीतून चिमूटभर मीठ घेतलं, त्याच्या शुद्ध पाण्यात टाकलं, चमच्याने ढवळलं आणि म्हटलं, आता लाव परत. तो नको म्हणत होता. मी लावलं. आमच्या नळाच्या पाण्याला अर्धं मिनिट लागलं होतं, त्याच्या पाण्याला तेवढाही वेळ लागला नाही. साका अधिकच दाट.

त्या कांड्यांच्या प्रत्येक जोडीतली एक लोखंडाची असते. पाण्यात क्षार असले की वीज वाहते, वीज वाहिली की लोखंड विरघळतं, आणि तो जो घाणेरडा साका दिसतो तो त्या कांडीचाच गंज. आरओच्या पाण्यात क्षार जवळजवळ नसतात, म्हणून वीज वाहत नाही, म्हणून कांडी गंजत नाही. हे अकरावीच्या पोरांना कळतं. तुमच्या कंपन्यांत इंजिनियर आहेत, तेव्हा तुम्हाला कळत नसेल असं मला म्हणता येत नाही.

मुलगा चांगला होता. चहा घेताना म्हणाला, काकू, महिन्याचं टार्गेट असतं, हे यंत्र कंपनीच देते. त्याच्यावर माझा राग नाही. त्याचं नाव मी इथे लिहीत नाही आणि त्याच्या कंपनीचंही नाही. एका नावाने पत्र लिहिलं असतं तर बाकीच्यांनी हात झटकले असते.

पण त्या दिवशीची एक गोष्ट मला सुटत नाही. फ्रिजवर आमच्या ह्यांची गोळ्यांची डबी असते, सोमवार ते रविवार अशी सात खणांची. दोन वर्षांपूर्वी त्यांची अँजिओप्लास्टी झाली. त्या मुलाने डबी पाहिली, बॅगेतून एक रंगीत पत्रक काढलं आणि आवाज उतरवून म्हणाला, "पाण्यातलं मायक्रोप्लास्टिक हार्टच्या नळ्यांत जाऊन बसतं काकू. काकांसाठी तरी घ्या." पत्रकावर लाल हृदय, त्यात रंगीबेरंगी ठिपके. खाली लिहिलं होतं, धोका साडेचार पट.

हे पलंगावर पेपर वाचत होते. त्यांनी ऐकलं. काही बोलले नाहीत, पण रात्री जेवताना पाण्याचा पेला उजेडाकडे धरून बघत बसले.

म्हणून हे पत्र.

आणि निमित्त एवढंच नाही. पुढच्याच आठवड्यात त्याच कंपनीचा मेसेज आला. आमच्या घरचं मशीन यूव्हीचं आहे, सात वर्षांचं. त्याचा वार्षिक सर्व्हिस करार यापुढे नवीन 'मायक्रोप्लास्टिकमुक्त' कार्ट्रिज संच घेतला तरच नूतनीकरण होईल, नाहीतर मशीन बदलून आरओ घ्यावं. संचाची किंमत जुन्याच्या जवळपास दुप्पट. मी चार ओळींची ई-मेल केली : हे कार्ट्रिज किती मायक्रॉनपर्यंतचे (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) कण अडवतं, कोणत्या प्रयोगशाळेत तपासलं, कोणत्या पद्धतीने, आणि किती लिटर पाणी गेल्यावर तपासलं. उत्तर आलं, 'आपल्या बहुमूल्य अभिप्रायाबद्दल धन्यवाद', आणि सोबत पाचशे रुपयांचं कूपन.

तेव्हा माझ्या तक्रारी आता चारचौघांत मांडते.

पहिली तक्रार त्या साडेचार पटीची. तो आकडा खोटा नाही. २०२४च्या मार्चमध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन या वैद्यकीय नियतकालिकात इटलीतल्या डॉक्टरांचा अभ्यास आला. मानेतल्या रक्तवाहिनीतला चरबीचा थर शस्त्रक्रियेने काढलेले रुग्ण त्यांनी तपासले. २५७ रुग्णांचा पुढे सुमारे तीन वर्षं पाठपुरावा झाला. त्यातल्या १५० जणांच्या थरात पॉलिइथिलीन सापडलं, आणि ज्यांच्यात प्लास्टिक सापडलं त्यांच्यात हृदयविकाराचा झटका, पक्षाघात किंवा मृत्यू यांचा धोका साडेचार पट दिसला. इथवर तुमचं पत्रक बरोबर. पण त्याच डॉक्टरांनी लिहिलं आहे की हा संबंध दिसला, प्लास्टिकमुळेच हे झालं असं यातून सिद्ध होत नाही. आणि ते प्लास्टिक पाण्यातून आलं, हवेतून आलं की अन्नातून, हे त्यांनी तपासलेलंच नव्हतं. फिल्टर बसवल्याने कोणाच्या रक्तवाहिनीतलं प्लास्टिक कमी झालं, असं तर त्या अभ्यासात कुठेही नाही. दुसऱ्याच्या प्रयोगाचं अर्धं वाक्य कापून हृदयरुग्णाच्या घरात वाचून दाखवणं याला विक्री म्हणू नका.

दुसरी तक्रार तुमच्या '९९.९ टक्के'ची, आणि इथे मला जरा वेळ लागणार आहे.

मायक्रोप्लास्टिक म्हणजे ५ मिलिमीटरपेक्षा लहान प्लास्टिकचा कण. म्हणजे साबुदाण्याएवढा कणही त्यात आला आणि केसाच्या जाडीचा पन्नासावा भाग असलेला कणही त्यातच. एक मायक्रॉनच्या खाली गेलं की त्याला नॅनोप्लास्टिक म्हणतात. आता ९९.९ टक्के अडवले म्हणता, ते कुठल्या मापाचे? साबुदाणे अडवायला माझी चहाची गाळणी पुरते.

चाळणीचं उदाहरण देते. २०१८ साली न्यूयॉर्क राज्य विद्यापीठाच्या फ्रिडोनिया इथल्या संशोधकांनी ९ देशांतून ११ ब्रँडच्या २५९ पाण्याच्या बाटल्या घेऊन तपासल्या, त्यात भारतातल्याही होत्या. ९३ टक्के बाटल्यांत प्लास्टिक निघालं, सरासरी लिटरमागे ३२५ कण. २०२४च्या जानेवारीत कोलंबिया विद्यापीठाच्या संशोधकांनी लेसरच्या नव्या तंत्राने अमेरिकेतल्या तीन ब्रँडचं बाटलीबंद पाणी तपासलं, तर आकडा निघाला लिटरमागे सुमारे २ लाख ४० हजार. सहा वर्षांत बाटलीतलं प्लास्टिक सातशे पट वाढलं का? चाळणी बारीक झाली. त्या २ लाख ४० हजारांतले साधारण ९० टक्के कण नॅनो मापाचे होते, जे आधीच्या चाळणीला दिसलेच नसते.

रव्याच्या चाळणीने मैदा चाळला तर वर काहीच उरत नाही, आणि मग 'आमच्या पिठात कोंडा शून्य' असं खुशाल लिहिता येतं. तुम्ही कोणत्या चाळणीने मोजलंत, एवढंच मी विचारते आहे. अमेरिकेत फिल्टरच्या प्रमाणपत्रांमध्ये हे ठरलेलं आहे. कणांच्या बाबतीत पहिल्या वर्गाचा दावा करायचा तर अर्धा ते एक मायक्रॉन मापाचे किमान ८५ टक्के कण अडले पाहिजेत. तिथे माप आधी येतं, टक्का नंतर. आपल्याकडे पिण्याच्या पाण्याचं मानक आहे, आयएस १०५००, २०१२चं. त्यात मायक्रोप्लास्टिकसाठी मर्यादाच नाही. अन्नातलं मायक्रोप्लास्टिक मोजायच्या खात्रीशीर पद्धती ठरवण्याचं काम अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०२४ मध्ये हाती घेतलं. म्हणजे देश अजून फूटपट्टी बनवतो आहे, आणि तुमच्या खोक्यावर एक दशांश स्थळापर्यंत मोजमाप छापून तयार.

गंमत पुढेच आहे. मी तो नवीन संच दुकानात जाऊन हातात घेऊन पाहिला. समोर सोनेरी गोल स्टिकर, ९९.९ टक्के मायक्रोप्लास्टिकमुक्त. खोका उलटा केला, चष्मा वर सरकवला, तर खाली मुंगीएवढ्या अक्षरात, 'सेडिमेंट फिल्टर : ५ मायक्रॉन', म्हणजे गाळ अडवणारी गाळणी. पाच मायक्रॉनच्या जाळीतून चार मायक्रॉनचा कण जाणार की नाही? उरलेलं काम यूव्ही दिवा करतो म्हणावं, तर तो दिवा जंतू मारतो. प्लास्टिक आधीच मेलेलं असतं.

तिसरी तक्रार छोटी. दुकानातल्या तुमच्या माणसाला हे विचारलं तर त्याने खिशातून पेनासारखा टीडीएस मीटर काढला. तो मीटर पाण्यातून वीज किती वाहते ते मोजतो आणि त्यावरून विरघळलेल्या क्षारांचा अंदाज देतो. प्लास्टिक विरघळत नाही, त्यातून वीजही वाहत नाही. खात्रीसाठी मी घरी करून पाहिलं. समोरच्या वहिनींकडे आरओ आहे. त्यांच्याकडून पेलाभर पाणी आणलं, मीटर ९ दाखवत होता. जुन्या नायलॉनच्या पिशवीचे धागे कात्रीने बारीक चुरून त्यात टाकले, ढवळले, डोळ्यांना तरंगताना दिसत होते. मीटर ९. ज्या मीटरला डोळ्यांना दिसणारं प्लास्टिक कळत नाही, तो न दिसणाऱ्याचा पुरावा म्हणून दाखवू नका.

चौथी तक्रार मात्र मोठी आहे, आणि तिच्यावर तुमच्यापैकी कोणी कधी बोलल्याचं मी ऐकलेलं नाही. तुमचं मशीन कशाचं आहे?

परवा जुनं सेडिमेंट कार्ट्रिज बदललं, तेव्हा फेकण्याआधी मी ते विळीवर उभं चिरलं. बाहेरून चहाच्या फडक्यासारखं तपकिरी, आत आत जावं तसं पांढरं, कापसाच्या गुंडाळीसारखे थरावर थर. पण तो कापूस नव्हे. वितळवलेल्या पॉलिप्रॉपिलीनचे बारीक धागे फवारून ती गुंडाळी बनवतात. विळीच्या पात्याला पांढरी लव चिकटली होती, ती बोटाने निघेना, धुताना हातालाच लागली. म्हणजे प्लास्टिक गाळायला प्लास्टिकचेच धागे. त्यापुढे प्लास्टिकच्या नळ्या, पाणी साठवायला प्लास्टिकची टाकी, आणि दिवसातून पन्नास वेळा वर-खाली होणारी प्लास्टिकची तोटी. नवीन कार्ट्रिज बसवलं की पहिलं काही लिटर पाणी सोडून द्यायचं असतं, हे तुमच्याच माहितीपुस्तिकेत लिहिलेलं असतं. सात वर्षांत आमच्याकडे आलेल्या एकाही सर्व्हिसवाल्याने ते सोडून दिलेलं मी पाहिलं नाही. बिचाऱ्याला पुढच्या घरी जायचं असतं.

माझ्या मनचं काही सांगत नाही. कोलंबियाच्या त्या अभ्यासात बाटली ज्याची असते त्या पीईटीपेक्षाही पॉलिअमाइडचे, म्हणजे एका तऱ्हेच्या नायलॉनचे, कण जास्त निघाले. बाटलीत नायलॉन कुठून आलं? पाणी बाटलीत भरण्याआधी शुद्ध करण्यासाठी जे फिल्टर वापरतात, त्यातून ते आलं असावं असा त्या संशोधकांचाच अंदाज आहे. आरओच्या मेम्ब्रेनचा, म्हणजे पाणी गाळणाऱ्या पडद्याचा, वरचा पातळ थर पॉलिअमाइडचाच असतो, हे तुम्हाला मी काय सांगावं.

गैरसमज नको. आरओचं मेम्ब्रेन विरघळलेलं मीठ अडवतं, तिथे प्लास्टिकचा कण अडणार याबद्दल मला शंका नाही. यूएफची, म्हणजे अल्ट्राफिल्ट्रेशनच्या गाळणीची, छिद्रंही ०.१ मायक्रॉनच्या आतबाहेर असतात, तीही बहुतेक कण अडवतील. तुमची मशीनं कुचकामी आहेत असं माझं म्हणणं नाही. पण आमच्या घरातलं कोणी मेम्ब्रेनला तोंड लावून पाणी पीत नाही. मेम्ब्रेननंतर पाणी कार्बनमधून जातं, टाकीत पडतं, शेगडीजवळच्या उकाड्यात रात्रभर राहतं आणि सकाळी तोटीतून पेल्यात येतं. त्या पेल्यातल्या पाण्याचा आकडा द्या. आत किती अडलं ते सांगता, बाहेर येताना किती मिसळलं ते कोण सांगणार?

(आमच्या सोसायटीच्या गच्चीवरच्या काळ्या टाकीचं झाकण उन्हाने इतकं फुटलंय की हात लावला की पापुद्रे निघतात. तो दोष तुमचा नाही. त्याबद्दल वेगळं पत्र चेअरमन साहेबांना दिलं आहे आणि त्यावर तीन मीटिंगा झाल्या आहेत. झाकण अजून तेच.)

पाचवी गोष्ट पुण्याच्या पाण्याची. आमच्याकडे पर्वतीहून पाणी येतं, खडकवासल्याचं. माझ्या मीटरवर पावसाळ्यानंतर ६८ दाखवलं, उन्हाळ्यात फार तर ९०. मानकात ५०० पर्यंत, म्हणजे लिटरमागे ५०० मिलिग्रॅम क्षारांपर्यंत, चालतं. इतक्या मऊ पाण्याला आरओ बसवून त्यातले उरलेसुरले क्षारही काढायचे, आणि मग 'मिनरल कार्ट्रिज' विकून तेच परत घालायचे. समोरच्या वहिनींच्या मशीनची वाया जाणाऱ्या पाण्याची नळी मी त्यांच्या परवानगीने बादलीत सोडून मोजली. एक लिटर पिण्याचं मिळेपर्यंत बादलीत पावणेतीन लिटर जमलं. जिथे टीडीएस ५०० पेक्षा कमी आहे तिथे आरओला मनाई करा, असं राष्ट्रीय हरित लवादाने २०१९च्या मे महिन्यात केंद्र सरकारला सांगितलं होतं. तुमच्या दुकानात मात्र गिऱ्हाईक कुठून आलं, त्याचं पाणी नळाचं की बोअरचं, हे कोणी विचारत नाही.

माझी पुतणी धायरीला राहते. त्यांच्याकडे उन्हाळ्यात टँकर, मीटरवर ६०० च्या वर. तिला आरओ लागतो, मी स्वतः जाऊन घेऊन दिला. दोघींच्या घरची भांडी पाहिली तरी फरक कळतो. माझ्या चहाच्या पातेल्याचा तळ लखलखीत, तिच्या पातेल्याला पांढरा थर. आता त्या थराची एक मौज बघा. चीनमधल्या ग्वांगझूच्या संशोधकांनी २०२४ मध्ये पाणी उकळून तपासलं. कठीण पाणी पाच मिनिटं उकळलं की क्षारांचा जो थर धरतो, त्यात प्लास्टिकचे कण अडकून बसतात. मग पाणी गाळून घेतलं तर ९० टक्क्यांपर्यंत कण कमी झाले. मऊ पाण्यात मात्र जेमतेम पाव हिस्सा. म्हणजे पाणी उकळून प्यायल्याचा प्लास्टिकपुरता फायदा धायरीत जास्त आणि सहकारनगरात कमी. एकच शहर, दोन घरं, दोन उत्तरं. तुमच्याकडे सगळ्यांना एकच उत्तर, सर्वांत महागाचं.

धायरीचा विषय निघाला म्हणून सांगते. २०२५च्या जानेवारीत सिंहगड रस्त्याच्या त्या पट्ट्यात, नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी इथे जीबीएसची, म्हणजे गिया-बारे सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराची, साथ आली, तेव्हा पुतणीचं बाळ दीड वर्षाचं होतं. आम्ही महिनाभर फोनला चिकटून होतो. रुग्णांच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जिवाणू निघाला. त्याला मारायला उकळणं पुरतं, यूव्ही पुरतो, क्लोरीन पुरतं. त्याच दिवसांत तिच्या सोसायटीच्या लिफ्टमध्ये एका कंपनीचं पोस्टर लागलं. वरती जीबीएसच्या बातम्यांची कात्रणं, खालती 'मायक्रोप्लास्टिकपासून सुरक्षा'. जंतू हा एक धोका, प्लास्टिक हा दुसरा, आणि दोन्हींची औषधं वेगळी. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये पिण्याच्या पाण्यातल्या मायक्रोप्लास्टिकवर अहवाल काढला, त्यात हेच आहे : आज उपलब्ध असलेल्या माहितीवरून पाण्यातलं मायक्रोप्लास्टिक या प्रमाणात चिंतेचं दिसत नाही, अभ्यास अजून अपुरे आहेत, ते वाढवावेत, आणि पाणीपुरवठा करणाऱ्यांनी आधी रोगजंतू काढण्याकडे लक्ष द्यावं. नेहमीच्या गोष्टी नीट केल्या, तुरटी टाकून गाळ बसवणं आणि वाळूतून गाळणं, तर प्लास्टिकचे कणही बऱ्याच अंशी निघतात. घाबरलेल्या आईला ह्यातलं काहीच सांगितलं गेलं नाही. तिने त्या आठवड्यात हप्त्यावर मशीन बुक केलं होतं. मी रद्द करायला लावलं आणि मार्चमध्ये टँकर सुरू झाल्यावर, पाणी मोजून, दुसरं घेतलं.

शेवटची तक्रार कँडलची, म्हणजे जुन्या फिल्टरमधल्या मातीच्या गाळणीची. सासूबाईंच्या वेळचा स्टीलचा दुमजली फिल्टर आमच्याकडे अजून आहे. वर दोन पांढऱ्या कँडल, खाली साठा, पितळी तोटी. वीज नाही, पाणी वाया नाही, आणि पाण्याला लागणारं प्लास्टिक म्हणाल तर कँडलच्या बुडाचे आटे आणि नट, तेवढंच. दर रविवारी सासूबाई कँडल टूथब्रशने घासायच्या, साबण न लावता. तुमच्या सोनेरी स्टिकरनंतर मला वाटलं, प्लास्टिकच टाळायचं तर हाच का काढू नये. कँडलसाठी बोहरी आळीत सहा दुकानं फिरले. पाच जण म्हणाले, आता कोण वापरतं काकू, कंपनीने माल देणंच बंद केलंय. सहाव्याने पोटमाळ्यावरून एक जोडी काढून दिली. तिच्यावरही छिद्राचं माप लिहिलेलं नाही. म्हणजे या बाबतीत तुम्ही जुन्या आणि नव्या मालात भेदभाव करत नाही, हे कबूल केलं पाहिजे.

आता मागण्या. फार नाहीत.

'मायक्रोप्लास्टिक' हा शब्द ज्या खोक्यावर छापाल, त्याच खोक्यावर, तेवढ्याच मोठ्या अक्षरात, किती मायक्रॉनपर्यंतचे कण मोजले, कोणत्या पद्धतीने आणि कोणत्या प्रयोगशाळेत, ते छापा. छापता येत नसेल तर तो शब्द काढा.

ती तपासणी पूर्ण मशीनच्या तोटीतून आलेल्या पाण्याची असावी. कार्ट्रिज नवीन असताना एकदा, आणि तुम्ही सांगता ते त्याचं आयुष्य संपत आल्यावर एकदा. दोन्ही आकडे द्या. टाकीत पाणी रात्रभर ठेवून केलेली तपासणी असेल तर दुधात साखर.

कांड्यांचं ते यंत्र तुमच्या विक्रेत्यांच्या बॅगेतून काढून घ्या. टीडीएस मीटर क्षारांसाठी वापरा, प्लास्टिकसाठी नको. आणि कोणाच्या घरातली औषधांची डबी पाहून बोलू नये, हे त्या पोरांना लेखी सांगा. टार्गेट तुम्ही देता, तेव्हा हेही तुम्हीच द्यायचं.

आरओ विकण्याआधी गिऱ्हाइकाच्या पाण्याचा टीडीएस मोजून तो बिलावर लिहा. ५०० च्या खाली असेल तर 'आपल्याला आरओची गरज नाही' हे वाक्यही बिलावर लिहा. त्यानंतरही ज्याला घ्यायचं त्याला घेऊ द्या.

सर्व्हिस कराराला नवीन कार्ट्रिजची अट घालू नका. मशीन विकतानाच त्याचे सुटे भाग किती वर्षं मिळतील ते सांगा आणि तेवढी वर्षं ते द्या. कँडलही त्यात धरा.

सर्व्हिसवाल्याला प्रत्येक घरी अर्धा तास जास्त द्या, म्हणजे पहिलं पाणी सोडून देईल.

वापरलेली कार्ट्रिजेस परत घ्या.

केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाकडे दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींची तक्रार करता येते, हे मला ठाऊक आहे. खोक्याचे दोन्ही बाजूंचे फोटो काढून ठेवले आहेत. पण आधी तुम्हाला विचारावं, असं वाटलं. पंचेचाळीस दिवस थांबते. उत्तर आलं तर तेही असंच, सर्वांना वाचता येईल असं, माझ्या खर्चाने छापीन. कूपन पाठवू नये.

आपली,
एक निवृत्त प्रयोगशाळा सहाय्यक
सहकारनगर, पुणे ४११००९

ता. क. सात वर्षांची १९ कार्ट्रिजेस आमच्या गॅलरीत पोत्यात भरून ठेवली आहेत. सुका कचरा नेणाऱ्या ताई म्हणतात, ह्यात आत काय काय भरलंय, भंगारवाला घेत नाही. एक विळीवर चिरलेलं आहे, बाकीची अखंड. कोणाकडे द्यायची, एवढं तरी लगेच कळवा.